डोंगर बुडाला की त्याचं बेट होतं

मागच्या अंकात स्कॉटलंडच्या उत्तरेच्या डोंगराळ भागावर, म्हणजे हायलँड्सवर आणि त्याच्या पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांवर मी दोन पानं लिहिली, आणि लिहिण्याच्या भरात एक वाक्य टाकलं की आपण ठाणेकर पडलो पक्क्या जमिनीवरचे, आपल्याला बेटावरच्या माणसाचं मन काय कळणार. झालं! अंक येऊन चार दिवस होत नाहीत तोवर मेलचा पाऊस. म्हणून या वेळी अख्खं सदर त्याच विषयाला देतोय, बाकीच्यांनी (शनीच्या कड्यांवाले काका, तुम्हीसुद्धा) पुढच्या महिन्यापर्यंत जरा दम धरा.

"सर, तुम्ही नौपाड्यात राहता आणि स्वतःला पक्क्या जमिनीवरचे म्हणवता? नकाशा उघडा जरा. पक्क्या जमिनीवर आम्ही राहतो, खाडीच्या या बाजूला." (एक वाचक, कळवा)

चुकलो, कान पकडतो. तीस वर्षं भूगोल शिकवून ही चूक करायची म्हणजे हद्दच झाली. ठाणे शहर साष्टी बेटावर आहे, एका बाजूला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, आणि या दोन खाड्यांना जोडणारं अरुंद पाणी कळव्याजवळून जातं, तेवढ्यामुळे आम्ही बेटावरचे आणि तुम्ही मुख्य भूमीवरचे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्यालाच थांबली, पुढे खाडीवर पूल झाला आणि १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली. रोज लोकलमध्ये खिडकीशी बसून आपण एका बेटावरून उतरतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण पूल आला की बेट माणसाच्या डोक्यातून पुसलं जातं. तिकडे हेब्रिडीजमधल्या स्काय बेटाचंही तसंच झालंय. १९९५ मध्ये पूल झाला, आधी त्याला टोल होता त्यावरून लोकांनी जाम भांडण केलं, २००४ मध्ये टोल गेला, आणि आता स्कायला बेट म्हणायचं की नाही यावर तिथली माणसं चहा पीत वाद घालतात.

"मुलगा एडिंबराला नोकरीला आहे, मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. इथल्या एका टूरवाल्याने चार दिवसांत स्काय, लुईस, हॅरिस आणि ऑर्कनी अशी चार बेटं करून देतो म्हणून सांगितलंय. जमेल का? मला गुडघ्याचा त्रास आहे." (एक काकू, ऐरोली)

काकू, पैसे भरले नसाल तर भरू नका. पहिलं म्हणजे ती चार बेटं नाहीतच. लुईस आणि हॅरिस हे एकच बेट आहे, दोन नावांचं! उत्तरेकडचा सपाट, दलदलीचा, पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या मातीचा भाग म्हणजे लुईस आणि दक्षिणेकडचा खडकाळ डोंगराळ भाग म्हणजे हॅरिस, मधे डोंगर आणि आत घुसलेल्या खाड्या, त्यामुळे जुन्या काळी इकडच्याला तिकडे जायला होडीच सोपी पडायची आणि नावंही वेगळी राहिली. हे ठाणेकराला पटकन कळेल. ठाणे आणि बोरिवली एकाच बेटावर आहेत, पण मधे येऊरचा डोंगर आणि जंगल, म्हणून आपण घोडबंदरला वळसा घालून जातो आणि बोलतो असं की जणू बोरिवली दुसऱ्या मुलखात आहे. आता बोगदा खणतायत, बघू.

दुसरं, ऑर्कनी (ते एक बेट नव्हे, बेटांचा पुंजका आहे) भलतीकडे आहे. स्काय, लुईस-हॅरिस पश्चिमेला आणि ऑर्कनी पार ईशान्येच्या टोकाच्या पुढे. ती हेब्रिडीजमध्ये मोडत नाहीच, तिचा खडक वेगळा, तांबडा वालुकाश्म, हॉय बेटाचे कडे सोडले तर जमीन बसकी आणि शेतीची. माणसंही मूळची नॉर्स वळणाची. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्याची रक्कम हातात नव्हती म्हणून ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ते गहाण कधी सुटलंच नाही. (हुंड्याचे घोळ सगळीकडे सारखे.)

तिसरं आणि महत्त्वाचं, तिथे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. नकाशात मुख्य भूमीवरचं उल्लापूल ते लुईसचं स्टॉर्नोवे बोटभर दिसतं, फेरीला पावणेतीन तास लागतात, स्कायच्या उइगहून हॅरिसच्या टारबर्टला पावणेदोनच्या आसपास, आणि वारा उठला की फेरी रद्द. आम्ही उइगच्या धक्क्यावर दीड दिवस अडकलो होतो, बटाट्याचे चिप्स आणि चहा यावर. रस्तेही एकपदरी, समोरून गाडी आली की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं आणि हात करायचा, हात नाही केला तर उद्धट समजतात.

माझं ऐकाल तर चार दिवस फक्त एक वर्तुळ करा. ग्लासगोहून ट्रेनने फोर्ट विल्यम, तिथून मॅलेगपर्यंतची लाईन, वाटेत ग्लेनफिनानचा २१ कमानींचा पूल लागतो, १९०१ मध्ये ही लाईन सुरू झाली आणि तो पूल नुसत्या काँक्रीटचा आहे, आत लोखंडी सळई नाही. मॅलेगहून छोट्या फेरीने स्काय, दोन रात्री तिथे, आणि पुलावरून परत इन्व्हरनेसमार्गे एडिंबरा. स्कायमध्ये टॅक्सी किंवा गाडी घ्यावीच लागेल, मुलाला चालवू दे. गुडघ्यांना ट्रेन आणि फेरी दोन्ही सोसतील. मे चांगला निवडलात, पश्चिम किनाऱ्यावर त्या मानाने कोरडा असतो, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, आणि मिज नावाची ती बारीक चावरी माशी अजून पुरती सुटलेली नसते. जूनपासून ती सुटली की मग आपल्या खाडीकाठचे डास परवडले म्हणाल.

"स्कॉटलंडचा सर्वात उंच डोंगर बेन नेव्हिस १३४५ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर. तीनशे मीटरने आपण वर. मग त्याला एवढं 'रगेड माउंटन्स' वगैरे का म्हणायचं? गोऱ्यांचं मार्केटिंग?" (एक ट्रेकर, कोपरी)

भाऊ, मार्केटिंगमध्ये ते हुशार आहेतच. तीन हजार फुटांच्या वरच्या डोंगरांची यादी ह्यू मन्रो नावाच्या माणसाने १८९१ मध्ये छापली, आणि आज लोक त्या २८२ मन्रो पुऱ्या करण्यात आयुष्य घालवतात. आपल्याकडे कुणी अशी यादी करून ठेवली असती तर आपणही वेडे झालो असतो, झालो नाही असं नाही म्हणा, किल्ल्यांची संख्या मिरवणारे आपल्या ग्रुपात कमी आहेत का.

पण उंचीचा हिशेब असा सरळ नसतो. कळसूबाईला आपण बारी गावातून निघतो, आणि बारी मुळातच घाटावर आहे, म्हणजे निम्मी चढाई इगतपुरीपर्यंत येताना गाडीने केलेली असते. बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून सुरू होते, १३४५ मधले १३०० पायांनीच. दुसरं म्हणजे ते सगळं ५६-५७ अक्षांशावर, मॉस्कोच्याही उत्तरेला. समुद्राचा उबदार प्रवाह अंगावरून जातो म्हणून किनारा माणसात आहे, पण माथ्यावर वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास, ढग बहुतेक वेळ बसलेला, आणि उत्तरेच्या अंगाला सातशे मीटरचा कडा. माथा सपाट असल्यामुळे धुक्यात कड्याची कड कुठे संपते ते कळत नाही, लोक होकायंत्रावर ठरलेली दिशा पकडून उतरतात. कोकणकड्यावर धुकं दाटलं की तू पोटावर झोपून खाली बघतोस ना, तिथे बर्फाची झालर कड्याच्या बाहेर आलेली असते, झोपायचीही सोय नाही.

कोकणकड्यावरून आठवलं. १८८३ ते १९०४ बेन नेव्हिसच्या माथ्यावर हवामानाची वेधशाळा होती, माणसं वर राहून दर तासाला नोंदी घ्यायची. १८९४ च्या सप्टेंबरात चार्ल्स विल्सन नावाचा एक तरुण तिथे दोन आठवडे बदली म्हणून राहिला. त्याला खालच्या ढगावर स्वतःच्या सावलीभोवती रंगीत वलय दिसलं. म्हणजे आपलं इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडावर ज्याच्यासाठी आपण पावसाळ्याच्या शेवटी जाऊन बसतो तेच. आपण फोटो काढून स्टेटसला टाकतो, या पठ्ठ्याने परत जाऊन प्रयोगशाळेत ढग बनवायचा प्रयत्न सुरू केला, त्यातून क्लाउड चेंबर आलं, ज्यात अणूतल्या कणांचे माग दिसतात, आणि १९२७ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. डोंगर उंच असो नसो, वर जाऊन बघणारा कोण आहे यावर असतं बाबा.

आणि आकाराचं. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट. हायलँड्सचा बराचसा खडक चाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंडांच्या टकरीत चुरगळलेला, आणि मग गेल्या हिमयुगांत बर्फाच्या जाड चादरीने तो खरवडलाय. आपल्या दऱ्या पाण्याने कापलेल्या, खाली निमुळत्या. त्यांच्या दऱ्या बर्फाने घासलेल्या, तळाला रुंद परातीसारख्या, बाजूने सरळ उभ्या. ग्लेन को नावाच्या दरीत उभं राहिलं की हा फरक न सांगता कळतो.

"मुलीला आठवीत प्रोजेक्ट आहे. हेब्रिडीज बेटं ज्वालामुखीने झाली असं लिहिलं तर चालेल का?" (एक पालक, नेरूळ)

अर्धे मार्क मिळतील. मुलीला सांगा, दोन वेगळ्या जातीची बेटं आहेत.

बाहेरची रांग, लुईस-हॅरिसपासून खाली बारा नावाच्या बेटापर्यंत, ही बहुतांशी नाइस नावाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खडकाची, त्यातला काही तीनशे कोटी वर्षांचा. ब्रिटनमधला सर्वात जुना दगड हा. लुईसमध्ये कॅलनिशला पाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी उभे केलेले दगड आहेत ते याच खडकाचे, हात लावला की दगडाच्या वयापुढे माणसाचे पाच हजार काहीच नाहीत असं होतं. या दगडापुढे आपला सह्याद्री तान्हं बाळ आहे.

आतली बेटं, स्काय, मल, रम, इथे मात्र ज्वालामुखीचं काम आहे, साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचं, अटलांटिक उघडायला लागला तेव्हाचं. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे भूगर्भाच्या घड्याळात जवळजवळ शेजारचे. आपला आला त्याचा संबंध आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त जागेशी लावतात, त्यांचा आज आइसलंडखाली असलेल्या जागेशी. स्कायच्या वायव्येला मॅक्लाउडची टेबलं म्हणतात असे दोन सपाट माथ्याचे डोंगर आहेत, ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बायकोला म्हटलं, अगं हा विसापूर इथे कोणी आणून ठेवला. ती म्हणाली, तुम्ही कुठेही गेलात तरी लोणावळ्यालाच जाता.

मलजवळ स्टाफा नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथे लाव्हा थंड होताना आकसून षटकोनी खांब झालेत, समुद्राने त्यात गुहा कोरलीय, फिंगलची गुहा. १८२९ मध्ये मेंडेलसोन हा जर्मन संगीतकार तिथे गेला आणि बोट लागून बेजार झाला, पण त्या सहलीतून रचना मात्र देऊन गेला. हे खांब मुलीला दाखवायला विमानाचं तिकीट नको. हार्बरने वडाळा, तिथून अंधेरीची गाडी पकडा, गिल्बर्ट हिल बघा. तसलेच खांब, साठेक मीटर उंच, भोवती सगळ्या बिल्डिंगा आणि वर देऊळ. प्रोजेक्टला तोच फोटो लावा, बाई खूष होतील.

आणि एक. बेट झालं कसं, तर लाव्हामुळे नव्हे. डोंगर आधीपासून होते, बर्फाने मधल्या दऱ्या खोल केल्या, बर्फ वितळला, समुद्र चढला आणि दऱ्यांत पाणी शिरलं. स्काय आणि मुख्य भूमी यांच्यामधलं पाणी म्हणजे बुडालेली दरीच आहे, डोंगर बुडाला की त्याचं बेट होतं असं सोप्या भाषेत लिहा. बाहेरच्या रांगेचं प्रकरण थोडं वेगळं, मधली मिंच नावाची सामुद्रधुनी खोल खचलेली आहे, पण आठवीला एवढं कोणी विचारणार नाही.

"लॉक नेस हा तलाव की खाडी? नकाशात एका रेषेत तीन-चार लॉक दिसतात, कालवा आहे का तो?" (एक वाचक, वाशी)

लॉक म्हणजे दोन्ही. गोड्या पाण्याचा तलावही लॉक आणि समुद्राचं आत घुसलेलं पाणीही लॉक. नेस गोड्या पाण्याचा.

तुम्ही नकाशा नीट बघितलात, शाब्बास. इन्व्हरनेसपासून फोर्ट विल्यमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरची सरळ भेग आहे, ग्रेट ग्लेन. हा प्रस्तरभंग आहे, त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या, खडकाचा चुरा झाला आणि मऊ झालेला तो पट्टा बर्फाने खणून काढला. नेस त्या खणलेल्या खड्ड्यात आहे, २३० मीटर खोल. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचं पाणी एकत्र केलं तरी एकट्या नेसमधल्या पाण्याएवढं होत नाही. पीटमुळे पाणी कोऱ्या चहासारखं, हातभर खालचं दिसत नाही, मग त्यात राक्षस दिसणारच. तळ्यांच्या मधली जमीन कापून टॉमस टेलफर्ड या इंजिनिअरने कॅलिडोनियन कालवा केला, १८०३ ला काम सुरू, १८२२ ला उघडला, ९७ किलोमीटर आणि त्यात माणसाने खणलेला भाग जेमतेम एक तृतीयांश, बाकी आयती तळी. २९ झडपबंद टप्पे आहेत, त्यातले आठ एका ओळीत, बोट जिना चढते.

अशी भेग आपल्याकडे नाही, पण तुमच्या वाशीपासून तासाभरावर भूशास्त्राच्या पुस्तकात जगभर नाव असलेली जागा आहे, पनवेल फ्लेक्शर. घाटावर आडवे असलेले लाव्हाचे थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे, समुद्राकडे वाकलेत. एक्स्प्रेसवेने जाताना आपण त्यावरूनच जातो, आणि बघतो काय तर फूड मॉल.

ग्रेट ग्लेनच्या फोर्ट विल्यमकडच्या बाजूला ग्लेन रॉय नावाची दरी आहे, तिच्या दोन्ही उतारांवर २६०, ३२५ आणि ३५० मीटरवर तीन आडव्या रेघा, पट्टीने ओढल्यासारख्या. डार्विन १८३८ मध्ये तिथे गेला आणि म्हणाला या जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या खुणा. दोनच वर्षांनी लुई आगासी आला, तो स्वित्झर्लंडचा, हिमनद्यांचा अभ्यास केलेला, त्याने सांगितलं की दरीच्या तोंडाशी बर्फाची भिंत होती, आत तळं साठलं, हा त्या तळ्याचा काठ. आगासी बरोबर निघाला, डार्विनने पुढे चूक कबूल केली. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडायची, विशेषतः पेपर तपासून झाल्यावर.

"तुम्ही डोंगर आणि दगड सांगितले, माणसं कुठे आहेत? फोटोत सगळं रिकामं दिसतं." (एक आजोबा, घणसोली गाव)

आजोबा, तुम्ही अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. हायलँड कौन्सिलचा भाग पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, आपल्या जुन्या अख्ख्या ठाणे जिल्ह्याच्या अडीचपट, आणि वस्ती अडीच लाखसुद्धा नाही. थंडी, खडक, पाऊस ही कारणं आहेतच पण तेवढीच नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभर वर्षं जमीनदारांनी दऱ्याखोऱ्यांतली कुळं हटवली, कारण मेंढ्यांत पैसा जास्त होता. उत्तरेच्या सदरलँड भागात तर छपरं जाळून लोकांना किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्यात ढकललं, कित्येक जहाजाने कॅनडाला गेले. तुम्ही फोटोत जे निसर्गरम्य म्हणून बघता त्या गवतात घरांचे चौथरे आहेत. ज्यांच्या मिठागरांवर आणि भातशेतीवर नवी मुंबई उभी राहिली त्यांना हे वेगळं समजावायला नको. स्कायमधल्या लोकांनी १८८२ मध्ये पोलिसांशी दोन हात केले आणि १८८६ मध्ये कायदा झाला, छोट्या कुळाला जमिनीवरून काढता येणार नाही असा.

सेंट किल्डा नावाची बेटं आहेत, बाहेरच्या रांगेच्याही पलीकडे साठ-पासष्ट किलोमीटर अटलांटिकमध्ये. लोक कड्यावर दोराने उतरून समुद्रपक्षी पकडायचे, तेच खाणं, त्याचंच तेल. तरुण बाहेर गेले, आजारपणं आली, शेवटी उरलेल्या ३६ जणांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला आणि २९ ऑगस्ट १९३० ला बेट सोडलं. जाताना घराघरात बायबल उघडं ठेवलं आणि मूठभर ओट्स, असं सांगतात. आता तिथे जुन्या जातीच्या मेंढ्या आहेत आणि उन्हाळ्यात बोटीने येणारे आमच्यासारखे.

उलटही झालंय. स्कायच्या दक्षिणेला एग नावाचं बेट, वस्ती शंभराच्या आसपास, १९९७ मध्ये रहिवाशांनी वर्गणी काढून अख्खं बेट मालकाकडून विकत घेतलं. वीज नव्हती, घरोघर डिझेलचे जनरेटर, तर २००८ मध्ये त्यांनी ओढ्याचं पाणी, वारा आणि ऊन यांवर स्वतःची वीज केली, आणि प्रत्येक घराला मर्यादा घातली, एका वेळी एवढीच वापरायची. आपल्या घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये, मुंबई समोर झगमगत असताना. एगला मी राहिलो त्या रात्री घरमालकीणबाईंनी किटली लावायच्या आधी गिझर बंद केला, मला आमच्या आजीची आठवण आली, तीही एक दिवा लावला की दुसरा मालवायची.

"बारा नावाच्या बेटावर विमान वाळूवर उतरतं हे खरं का? व्हिडिओ फेक वाटतो." (कॉलेजचा मुलगा, कोपरखैरणे)

खरं आहे. भरती आली की धावपट्टी पाण्याखाली, त्यामुळे टाइमटेबल ओहोटी बघून बनवतात, ग्लासगोहून छोटं विमान येतं. बाकीच्या वेळी त्याच वाळूत लोक शिंपल्या वेचतात.

ऐरोलीच्या काकू, एक राहिलंच. छत्री नेऊ नका, तिकडे पाऊस आडवा येतो.